उजव्या वाफ्यातली मुळं

बांध

क्षितिजा तळ्याच्या काठी गुडघाभर चिखलात उभी होती. हातात मुळासकट उपटलेलं पाणकणीस, आणि मागून कोणीतरी खाकरलं.

"आमच्याकडे केळी चोरीला जातात. गवत चोरणारं माणूस आजच बघतोय."

बांधावर एक तरुण. पँट दुमडलेली, खांद्यावर केळीचा घड.

"चोरत नाहीये," ती म्हणाली. "मुळं बघतेय."

"फुलं बघायला वेगळी माणसं येतात वाटतं?"

हसायचं नाही असं ठरवून ती बाहेर निघाली, आणि एक चप्पल चिखलातच राहिली. त्याने ती ओढून काढली, धुतली, बांधावर ठेवली. पण कशी? तोंड त्याच्या केळीच्या वाडीकडे करून. जाणाऱ्याची चप्पल अशी ठेवत नाहीत...

तो उमंग. गाव सांडोर, साल दोन हजार एक.

डावा, उजवा

क्षितिजा जवळच्याच तुळिंजची. कॉलेजात जिवाणूंचा अभ्यास करत होती. उमंगच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी खारं होत चाललं होतं, केळीच्या पानांच्या कडा करपत होत्या. शेजारच्या नव्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं होतं, आणि ते पाणी वाडीला द्यायला सोसायटी तयार होती. तयार नव्हती ती एकटी उमंगची आई, मनोरमाबाई.

"लोकांनी न्हाऊन टाकलेलं पानी माझ्या केळींना नको," त्या म्हणाल्या. विषय संपला.

क्षितिजाच्या बर्नार्ड सरांनी त्यातून वाट काढली. वाडीच्या कोपऱ्यात दोन वाफे, दोन्हींत पाणकणसं. डाव्याला तळ्याचं पाणी, उजव्याला सोसायटीचं, मध्ये एका टाकीत साठवून. मुळांजवळच्या मातीत जिवाणू टिकले तर पाणी चांगलं, नाही तर नाही. मनोरमाबाईंनी ही अट मान्य केली. मग क्षितिजा दर शनिवारी माती न्यायला येऊ लागली, आणि उमंगला नेमकं शनिवारीच त्या कोपऱ्यात काम निघू लागलं.

"एवढं काय असतं हो मुळांपाशी?" त्याने एकदा विचारलं.

"लाखो जीव. मुळं त्यांना साखर देतात, ते मुळांना नत्र देतात."

"म्हणजे संसारच की."

"संसार नाही. खानावळ."

"खानावळीत जन्मभर कोण राहतं?"

क्षितिजा नळीत माती भरत होती. निम्मी बाहेर सांडली.

जाताना तो तिच्या पिशवीत घरी सुकवलेली सुकेळी टाकायचा, केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळलेली. घरी पोचेपर्यंत ती उरत नसत.

काच

प्रयोगशाळेत मात्र सगळं उलटं चाललं होतं. डाव्या वाफ्याच्या मातीची काचेची ताटली दोन दिवसांत ठिपक्यांनी भरून जायची. एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंची वस्ती. उजव्याची ताटली — कोरी. पुढच्या आठवड्यात कोरी. त्याच्या पुढच्याही.

सोसायटीचं पाणी तिने यंत्राच्या नळावरच तपासलं होतं, त्यात काही वावगं नव्हतं. तरी मुळं ओसाड. बर्नार्ड सर म्हणाले, जे दिसतं ते सांगायचं. म्हणजे तिनेच मनोरमाबाईंसमोर उभं राहून नाही म्हणायचं. मग वाडी वाळणार. आणि शनिवार...

शनिवारचा विचार तिने पुरा केला नाही.

टाकी

शेवटचा नमुना घ्यायला ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. पहिली एसटी. वाडीत शिरते तो नाकाला झणझणीत वास. टाकीवर उमंग वाकलेला, हातात पत्र्याचा डबा, डब्यातून पांढरी भुकटी पाण्यात पडत होती.

"हे काय?"

तो दचकला. "ब्लीचिंग पावडर."

"आज का टाकताय?"

"आज नाही... दर शनिवारी टाकतो. सकाळीच, तुम्ही यायच्या आत पावडरीचा वास उडावा म्हणून." त्याने डबा पाठीमागे नेला. "पाहुणे यायचे असले की आई विहिरीत टाकायला लावते. घरची पद्धत आहे. आणि या पाण्याला जरा वास येतो. म्हटलं, तुम्ही तासभर इथे बसता..."

तिने त्याच्या पाठीमागचा डबा काढून घेतला.

"माझ्यासाठी?"

"दुसरं कोण येतं इथे?"

"उमंग," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही माझे लाखो जीव मारलेत. दर आठवड्याला. माझ्यासाठी."

त्याचा चेहरा पडला. आणि ती — ती मटकन बांधावर बसली आणि हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाण्याचा दोष नव्हता! मुळांचाही नव्हता.

वाडीतल्या फोनवरून तिने सरांना सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, पुन्हा सुरू कर, आणि त्या मुलाला टाकीपासून लांब ठेव.

"टाकीपासूनच ना, सर?" क्षितिजाने विचारलं.

ओटी

टाकी घासली, धुतली. काही शनिवार गेले. उमंग टाकीकडे पाठ करून बसायचा, शपथ घेतल्यासारखा.

मग एका सकाळी क्षितिजाने ओटीवर येऊन मनोरमाबाईंच्या हातात दोन ताटल्या दिल्या. त्यांनी त्या उन्हाकडे धरल्या. डावी भरलेली. उजवी तिच्याहून गच्च. पांढरे, पिवळे, एक तर चक्क केशरी ठिपका.

"हे सगळं जितं हाय?"

"हो. सोसायटीच्या पाण्यावर वाढलंय."

मनोरमाबाईंनी ताटल्या परत दिल्या. लेकाकडे पाहिलं, मग हिच्याकडे, मग पुन्हा लेकाकडे. "सोड पानी," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

पाट

पाण्याची चावी फिरली. पाणी आधी घुटमळलं, मग पाटातून धावत सुटलं, एका केळीपासून दुसरीकडे. दोघं काठाने त्याच्यासोबत चालत राहिली. तिच्या चपला पाटाच्या कडेलाच राहिल्या होत्या.

"झालं," उमंग म्हणाला. "आता शनिवारी यायचं कारण उरलं नाही."

"नाहीच उरलं." तिने पाण्यात पाय बुडवला. "उमंग... मी शनिवारी नाही, रोजच आले — तर पावडर नाही ना टाकणार तू?"

तो काही बोलणार, तेवढ्यात भरलेल्या पाटाने तिची एक चप्पल उचलली. चप्पल डुलत डुलत निघाली. उमंग पँटसकट पाण्यात उतरून तिच्या मागे पळाला, थेट शेवटच्या केळीपर्यंत, आणि चप्पल डोक्यावर उंच धरून परत आला.

मग त्याने ती दुसरीच्या शेजारी ठेवली. नीट, जोडीने. तोंड घराकडे करून.