बुधवारचं स्वप्न

"माझी स्वप्नं चोरीला जातायत," असं म्हणून पाहुणी स्वतःच ओशाळली.

भावोजींनी चष्मा नाकावर सारला. "पोलिसांत कळवलंत?"

"भावोजी, आधी त्यांना बसू तर द्या," वहिनी म्हणाल्या.

वहिनींचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर होतं. खालून वाफ यायची आणि खिडकीची काच सदा ओलसर असायची. त्या काचेतून समोरची इमारत, तिची गच्ची, गच्चीवरची माणसं पाण्याखाली असल्यासारखी हलायची. लोकांची खाजगी माहिती कुठून फुटली, ते शोधून देणं हा वहिनींचा धंदा. नोकरीतून मोकळे झाल्यापासून धाकटे दीर त्यांच्या मदतीला येत. मदत म्हणजे प्रश्न विचारणं. बहुतेक प्रश्न चुकीचे असत. पण तेही कुणीतरी विचारायला हवेत, असं वहिनींचं मत होतं.

पाहुणी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. नवऱ्यापासून ती वेगळी राहत होती. सात वर्षांची मुलगी आठवडाभर तिच्याकडे असे आणि शुक्रवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत वडिलांकडे. घर मोडल्यापासून हिची झोप उडाली, म्हणून ती झोपेच्या डॉक्टरांकडे जाऊ लागली. तिथली पद्धत अशी, की जाग आली की कुणाशी एक अक्षर बोलण्याआधी, अंथरुणातच, पडलेलं स्वप्न फोनमध्ये बोलून ठेवायचं.

"आणि आता नवऱ्यानं कोर्टात अर्ज केलाय," ती म्हणाली. "मुलगी माझ्याकडे राहू नये. मी तिला भेटायचं तेही दुसऱ्या कुणाच्या देखत. का, तर तिला टाकून जायचं माझ्या मनात आहे. पुरावा म्हणून माझीच स्वप्नं लिहिलीत. परवा सुनावणी आहे."

वहिनींनी अर्ज सावकाश वाचला. त्यात दोन स्वप्नं होती. शनिवारच्या स्वप्नात शाळेत गुडघाभर पाणी भरलेलं असतं. आई मुलीला बाकावर बसवते, ‘पिटुकले, इथेच थांब’ म्हणते आणि निघून जाते. रविवारच्या स्वप्नात ती मुलीचा हात सोडून धुक्यात शिरते. हे सगळं ‘खात्रीलायकरीत्या समजले’, एवढंच पुढे होतं. कुणाकडून, ते नव्हतं.

"स्वप्नं इथेच संपतात?"

"नाही हो. मी दोरी आणायला गेलेली असते. परत येते, बाकाला दोरी बांधते, आणि तिला वर्गावर्गातून ओढत नेते. फळ्यावर मासे पोहत असतात." क्षणभर तिचा चेहरा निवळला. "धुक्यातूनही मी परत येते. पण अर्जात मी परत येतच नाही."

बाकीच्या दिवशी काय पडतं, असं वहिनींनी विचारलं.  ती हळूच म्हणाली, की बुधवारचं स्वप्न या दोन्हींपेक्षा वाईट होतं. ती एकटी जहाजावर, मुलगी धक्क्यावरून हात हलवतेय, आणि हिला मोकळं मोकळं वाटतंय. जागी झाल्यावर दिवसभर तिला दुकानात समोरच्याचे डोळे नीट दिसले नव्हते. "तेच कसं नाही अर्जात? मला तर आता झोपायचीच भीती वाटते."

तिनं फोन वहिनींच्या हातात दिला. पडद्यावर पुढचा दात पडलेली मुलगी हसत होती. भावोजींनी कौतुकानं विचारलं, दात कधी पडला.

"आज सकाळी, तिकडेच. तिकडे गेली की तिचे फोटो असे आपोआप येत राहतात. तेवढ्यासाठी फोनवरचं आमचं दोघांचं जुनं खातं ठेवलंय. बाकी घर, कुलूप, फोन, सगळं बदललं."

वहिनी बराच वेळ त्या फोटोकडे पाहत राहिल्या.

दवाखान्यात निळे पडदे होते आणि जमिनीवर जाड सतरंजी, त्यामुळे स्वतःची पावलंही ऐकू येत नव्हती. बाकांवरचे पेशंट पेंगत होते. डॉक्टर उंच, आणि इतके सावकाश बोलणारे, की भावोजींच्याही पापण्या जड झाल्या. माहिती संरक्षणाचा कायदा ते कोळून प्यायले होते. पेशंटची लेखी संमती असते. स्वप्न दुपारी बारापर्यंत पेशंटकडेच राहतं, म्हणजे मागाहून काही आठवलं तर जोडता येतं. बारा वाजता ते दवाखान्यात येतं आणि तिकडून पुसलं जातं. "मी तर आवाजही ऐकत नाही. मला फक्त टाइप केलेला मजकूर मिळतो. त्यात नावं नसतात."

वहिनींनी पाहुणीच्या, म्हणजे आता त्यांच्या अशिलाच्या, परवानगीनं शनिवारचा मजकूर वाचला. त्यात ‘मुली, इथेच थांब’ असं होतं.

टाइप करणारी बाई कानाला हेडफोन लावून एका कोपऱ्यात बसायची. जगातली निम्मी भीती तिच्या कानांवरून गेली असावी. तरी चेहरा शांत होता. नावं आपणच काढतो, असं तिनं सांगितलं. "त्या ‘पिटुकले’ फार गोड म्हणतात हो. पण काढावंच लागतं. आणि बुधवारचं ते जहाज... मी हेडफोन काढून जरा बाहेर जाऊन आले."

नव्या पेशंटचा फोन तीच लावून द्यायची. "‘रोजचंच खातं वापरा’ सांगते. नवीन काढलं की लोक पासवर्ड विसरतात आणि सकाळी सकाळी मला फोन करतात."

बाहेर पडताच भावोजींनी निकाल देऊन टाकला. "वहिनी, हीच. ‘पिटुकले’ हिच्याशिवाय कुणी ऐकलंच नाही."

"असं म्हणता? मग बुधवार का नाही विकला हिनं?"



नवरा नकाशे काढायचा. त्याच्या घरात उतरता उजेड तिरप्या टेबलावर पडला होता आणि कागदावरची न बांधलेली घरं सोनेरी झाली होती. तो सभ्यपणे बोलला, पण एका गोष्टीवर अडून बसला. स्वप्नं कुणी सांगितली ते सांगणार नाही. कोर्टानं विचारलं तरी नाही. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. तिच्या छोट्या पलंगावर, उशीखालून एका टॅबचा कोपरा बाहेर आला होता. वहिनींनी तो पाहिला आणि हात लावला नाही.

रविवारी दुपारी त्याच खोलीत सगळे जमले. डॉक्टर दवाखान्याच्या अब्रूसाठी आले होते, टाइप करणारी बाई नोकरीच्या काळजीनं. अशील दाराशीच उभी होती. या घरात कुठे बसायचं, ते तिला आता ठरवता येत नसावं. मुलगी आतल्या खोलीत चित्र काढत होती.

"डॉक्टर, तुम्ही नाही," वहिनींनी सुरुवात केली. "अर्जात ‘पिटुकले’ आहे. तुमच्यापर्यंत ते पोचतच नाही. म्हणजे ज्यानं सांगितलं, त्यानं आवाज ऐकला."

टाइप करणारी बाई खुर्चीत पुढे सरकली.

"बाई, तुम्हीही नाही. तुम्ही सगळी स्वप्नं ऐकता, आणि शेवटपर्यंत. कुणाचं वाईटच करायचं असतं, तर तुम्ही जहाज उचललं असतं. ज्यानं सांगितलं त्याला बुधवार माहीतच नाही. त्याला फक्त शनिवार-रविवार माहीत आहे, आणि तोही अर्धा."

"बुधवारी मुलगी माझ्याकडे असते," अशील पुटपुटली.

"आणि शनिवार-रविवारी इथे. दुपारी बारानंतर घरी काही उरत नाही, म्हणजे ऐकणारं माणूस सकाळी, याच घरात होतं. तुम्ही सगळं बदललंत, पण लेकीच्या फोटोंसाठी जुनं खातं ठेवलंत. त्यातच स्वप्नं बोललात. इथला टॅब त्याच खात्याचा आहे. इथले फोटो तुमच्याकडे येतात, तसा तुमचा आवाज इकडे येतो."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. रोजचंच खातं वापरायला सांगण्याची पद्धत त्यांच्याच दवाखान्याची होती.

भावोजी उठून उभेच राहिले. "म्हणजे साहेब, तुम्ही चोरून ऐकत होतात."

"बसा, भावोजी. ते ऐकत असते तर त्यांना दोरीही कळली असती. पुढचं ऐकवेना, म्हणून मध्येच बंद करणारं माणूस वेगळं आहे. आणि त्याचं नाव कोर्टात येऊ नये म्हणून हे तोंड उघडत नाहीत."

नवरा टेबलाची कडा धरून बसला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "सकाळी ती माझ्या पांघरुणात शिरायची. ‘आई मला सोडून जाते,’ म्हणायची. तुझे शब्द जसेच्या तसे. मला वाटलं, तूच फोनवर तिला हे असलं सांगतेस."

"मला विचारायचं होतंस."

"तू माझा फोन उचलतेस?"

 अर्जाचं काय, ते मात्र तो बोलेना. वकिलांना विचारावं लागेल, असं काहीतरी तो कागदांकडे बघत म्हणाला.

"एका माणसाला अजून कुणी काहीच विचारलेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

मुलगी बोटांना रंग लागलेले तसेच घेऊन आली. तिला कुणी रागावलं नाही, तरी ती आईच्या ओढणीआड गेली. सकाळी जाग आली की टॅबमध्ये आईचा आवाज यायचा, म्हणून ती ऐकायची. आई जायला लागली की बंद करायची.

"तू मला सांगितलंस ना," वडील म्हणाले, "ते मी कोर्टातल्या साहेबांना लिहून दिलं, पिल्ला."

मुलगी ओढणीआडून बाहेर आली. रागापेक्षा तिला नवलच जास्त वाटलं असावं.

"पण बाबा, मी फक्त तुला सांगितलं होतं."

  वडिलांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. 

"अर्ज मागे घेतो," ते बायकोला म्हणाले. "वकिलांना आत्ताच सांगतो." आणि फोन घेऊन ते बाहेर जिन्यात गेले.

डॉक्टर हलक्या आवाजात विचारू लागले, की टॅब त्या खात्यातून काढायचा ना, आणि दवाखान्यातली स्वप्नं पुसायची ना. अशिलानं मान हलवली. पण तिचं लक्ष नव्हतं. मुलीनं तिला खाली ओढून कानाशी तोंड नेलं होतं आणि बरंच काही सांगायला सुरुवात केली होती. आई ऐकता ऐकता जमिनीवरच बसली.

भावोजी नकळत दोन पावलं पुढे सरकले. वहिनींनी त्यांची बाही धरली.

"मला आपलं वाटलं, काय म्हणतेय बघावं."

"चला, भावोजी," वहिनी म्हणाल्या, आणि डॉक्टरांना व बाईंनाही पुढे घालून जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.