पोतं उद्या मिळेल

माझं पोतं फाटलं ते नेमकं शिंप्याच्या दारात. जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर खांद्यावरून अशी वाळू सांडली की शिंपी गळ्यातल्या टेपसकट बाहेर आला.

“घर बांधताय?” त्यानं विचारलं.

“सराव करतेय. अग्निशमन दलाची भरती आहे. माणसाएवढा पुतळा खांद्यावर घेऊन धावायचं असतं. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेत पाडला... आणि या वर्षानंतर माझं वय बसत नाही.”

अनोळखी माणसाला एवढं सगळं का सांगितलं, देव जाणे.

“द्या, शिवून ठेवतो. उद्या मिळेल.”

“आणि आज?”

तो घुटमळला. “आज... मी चालेन?”

माणूस उंच, पण किडकिडीत. मी बेकरीत कामाला, तिथल्या पिठाच्या काट्यावर त्याला उभं केलं, तर काटा बरोबर पुतळ्याच्या वजनावर थांबला. मग काय, घेतला खांद्यावर.

“घाबरलात?”

“छे हो. स्वतःचं दुकान उलटं कधी पाहिलं नव्हतं. बरं दिसतंय.”

मला हसू आलं आणि दोघंही पडता पडता वाचलो.

जिन्याच्या वर माझा मामा राहतो. त्याचं अख्खं आयुष्य त्याच दलात गेलं. त्याचे नियम कडक. जड वजन एक दिवसाआड, कारण स्नायू भरतात ते आरामात. दिवसभर उपाशी राहून रात्री ताटावर तुटून पडायचं नाही, दर खाण्यात अंडी, दूध, डाळ, काहीतरी प्रथिनं हवीतच. आणि व्यायाम संपला की गप्पा नंतर, आधी खाणं. म्हणून वर पोचलं की उकडलेली अंडी आणि दूध तयार असायचं. आता वर आणलेलं वजन तरी तोंड बघत कसं बसणार? शिंपीही खायचा.

“पोतं?” मी जाताना विचारायची.

“उद्या.”

शिंप्याचं उद्या सगळ्यांनाच माहीत असतं. मीही फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर आवडायला लागलं होतं... त्याचं ते खांद्यावरून हळूच “डावीकडे बादली आहे” म्हणणं.

पण जिना काही सोपा होईना. महिने गेले, तरी दम तितकाच लागायचा. एका संध्याकाळी मी पायरीवरच बसले आणि रडायला लागले.

“एवढी अंडी खाल्ली, गेली कुठं?”

त्यानं खिशातून अस्तराचा एक तुकडा काढून दिला. “पाय लटपटत नाहीत आता तुमचे. मला वरून कळतं.” मग थांबून म्हणाला, “एक सांगायचं होतं—”

“काय?”

“...उद्या सांगतो.”

चाचणीच्या दिवशी पुतळा उचलला आणि वाटलं, चुकून हलका दिला. रेघ ओलांडून पुढे गेले तरी तो खांद्यावरच होता.

तशीच दुकानात आले. “पास झाले. माझं पोतं द्या.”

त्यानं मशीनखालून पोतं काढलं. सुबक शिवलेलं, वर बोटभर धूळ.

“हे कधी शिवलंत?”

“त्याच दिवशी.”

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. गाल भरलेले. पँट कमरेत उसवून सैल केलेली, जुन्या शिलाईची खूण तशीच. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“तुमचं वजन वाढत होतं!”

“मामा म्हणाले, गप्प राहा. वजन हळूहळू वाढलं तरच ताकद वाढते.”

“मी रडले होते त्या दिवशी.”

“तेव्हाच सांगणार होतो. पण मग तुम्ही पोतं मागितलं असतंत... आणि मी खालीच राहिलो असतो.” तो टेपशी चाळा करत होता. “मला तुम्ही आवडता. फार.”

राग आला होता, खरंच. पण तो काही टिकेना.

“पोतं राहू दे इथंच,” मी म्हटलं. “नोकरीतही सराव लागतो. फक्त खिशातली कात्री आधी काढून ठेव, टोचते मला.”

“ठेव?” त्यानं हळूच विचारलं. “‘ठेवा’ नाही, ‘ठेव’ म्हणालीस?”

“हो. चल आता, मामा अंडी घेऊन थांबलाय.”

त्या दिवशी मी त्याला उचललं नाही. हातात हात घेऊन जिना चढलो, आणि वर पोचायला इतका वेळ कधीच लागला नव्हता.