त्याच्या वाटणीचं काम

त्या दिवशी वर्गात एकच खुर्ची रिकामी होती, आणि ती नेमकी हिच्या शेजारची! तो धापा टाकत आला, बसला, आणि बाईंनी जाहीर केलं, "जो शेजारी, तोच जोडीदार. परीक्षेपर्यंत."

झालं! ही मनातून वैतागली. या वर्गाची तऱ्हाच उलटी. बाईंचं शिकवणं घरी व्हिडिओवर बघायचं आणि वर्गात बसून प्रकल्प करायचा. यांचा प्रकल्प पुराचं पाणी कुठवर चढेल ते सांगणारा. गणित एवढं अवाढव्य, की सोळा संगणकांना वाटून द्यायचं. वाटून देणं हिच्याकडे, सोळा संगणकांची उत्तरं जुळवणं त्याच्याकडे.

"व्हिडिओ बघितलास?"

"लावला होता..." तो ओशाळला. "पण झोपच लागली गं."

"झोपाळू कुठला!"

"आणि तू मास्तरीण. मग शिकव ना!"

असं म्हणून तो हसला, आणि हिचा राग कुठल्या कुठे पळाला.

मग काय, शिकवणी सुरू. तो चुकायचा, खोडायचा, पुन्हा चुकायचा... आणि प्रोग्रॅमची एखादी ओळ चालली की मान वळवून हिच्याकडे असा बघायचा, की हिला स्वतःचं काम सुचेनासं व्हायचं.

अशात त्याचे वडील अंथरुणाला खिळले. तीन आठवडे तो दवाखान्यातच. या विषयात तो आधी एकदा नापास झालेला. पुन्हा झाला तर विद्यापीठातून नाव काढलं जाणार. हिचा जीव टांगणीला लागला. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. त्याच्या वाटणीचं सगळं काम हिने त्याच्या नावावर लिहून टाकलं. अहो, प्रेमात पडलेल्या माणसाला एवढी अक्कल कुठून असणार?

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो आला. "हे सगळं...?"

"झालंय. तू फक्त वाचून ये."

त्याने मान खाली घालून वाचायला घेतलं.

परीक्षा तोंडी. बाईंनी त्याच्या कामातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "ही काढली तर काय होईल?"

 उत्तर हिच्या अगदी ओठांवर होतं.

तो त्या ओळीकडे बघत राहिला. "माहीत नाही, बाई. हे मी लिहिलेलं नाही."

"मी लिहिलं," ती कशीबशी म्हणाली. "त्याचे वडील..."

बाईंनी चष्मा काढला. "मला सांगायचं ना गं! मुदत दिली असती. अर्धवट असतं, पण त्याचं असतं, तर पासही केलं असतं. आता दुसऱ्याचं काम आपल्या नावावर... नापास करण्यावाचून माझ्या हातात काही नाही."

बाहेर पायऱ्यांवर तिला रडू आवरेना. "तू इथे हवा होतास मला. प्रेम आहे रे माझं तुझ्यावर!"

"मला काय कळत नव्हतं?" तोही रडवेला झाला. "माझंही आहे. तुझ्याशेजारी बसून चुकायला किती आवडायचं मला... पण एक खरं सांग. मला जमेल, असं तुला एकदा तरी वाटलं होतं?"

तिने तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं... पण त्याच्याशी खोटं बोलता येईना.

 मग तो पिशवी खांद्याला लावून पायऱ्या उतरून गेला.