पालथा दगड

शप्पथ सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझी कवळी उद्याच्या चहात विरघळो!

दिवाळीच्या सुट्टीत पायल आणि तिचा धाकटा भाऊ विक्की घोरावाडीहून वडिवळ्याला आले, तर रस्त्याकडेचा दगड गायब! त्यावर कोरलं होतं, 'सुईण हिराबाई यांचे जन्मस्थान'. हिराबाई म्हणजे पायलची पणजी. अर्ध्या मावळाची बाळंतपणं केलेली बाई!

रस्ता रुंद करणारा मुकादम म्हणाला, "इथं दगड नव्हताच! उद्या दहाला साहेब येतायत. जन्मस्थानाची नवी पाटी फाट्यावर ठोकतो, बंगल्यांपाशी."

"पण पणजी तिथं जन्मलीच नाही!" पायल म्हणाली.

"मग दगड दाखव!"

झालं! हातात उरली एक संध्याकाळ. तेवढ्यात शेजारची बबिता ओरडली, "पायले, हितं बघ! कायतरी वढत नेलंय!"

गवतावरून फरपटीची रुंद खूण शेतांकडे गेली होती. तिघं तिच्यामागे निघाली. धरणावरून धुकं उतरलं आणि पायाखालची वाट दिसेनाशी झाली. मग...

धप्प! धप्प!

"बबे, काय गं ते?" विक्कीनं पायलची ओढणी घट्ट धरली.

"मला काय म्हाईत? गप ऱ्हा!"

धुक्यात एक काळी आकृती उभी होती. मानेवर डोकं नव्हतं. डोकं होतं दोन्ही हातांत, उंच धरलेलं, केस पिंजारलेलं! आकृतीनं ते धाडकन खाली आपटलं. धप्प! पुन्हा उचललं. पुन्हा आपटलं!

पळावं? पण पळालं तर उद्यापासून पणजी फाट्यावर जन्मणार! पायल मुळीच किंचाळली नाही. एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. आकृती थांबली... वळली...

"कोन हाय रं तितं?"

"अगं बया, सोपानआबा!" बबिताचा जीव भांड्यात पडला. आबांनी भाताची कुसळं टोचू नयेत म्हणून गोणपाटाची खोळ डोक्यावरून नाकापर्यंत ओढलेली, आणि हातात भाताची पेंढी! आबा भात झोडत होते. दगडावर!

"आबा, हा दगड कुठला?"

"गटारात पडलेला. झोडायला लय झ्याक, म्हनून बैलांनी वढून आनला."

चौघांनी पहार लावून दगड उलटला. विक्कीनं अक्षरं वाचली आणि आबा मटकन खाली बसले.

"हिराआजीचा? आरं, माजी नाळ तिनंच कापली! आन मी तिच्याच पाठीवर भात झोडतोय?" त्यांनी दोन्ही कान पकडले. मग लगेच बैल जुंपले.

दुसऱ्या दिवशी दहाला मुकादम साहेबांना छातीठोक सांगत होता, "इथं दगड कधी नव्हताच!"

पायलनं रस्त्याकडेच्या पेंढ्या बाजूला सारल्या. दगड जागच्या जागी उभा!

"मग काका, याच्या कोपऱ्याला तुमच्या जेसीबीचा पिवळा रंग कसा हो लागला?"

मुकादमाचा चेहरा पडला. साहेबांनी फाट्यावरची पाटी तिथल्या तिथे रद्द केली आणि मुलांची पाठ थोपटली. आबा म्हणाले, "हिराआजीची पणती शोभतीस गं! तीबी अंधाराला भीत नव्हती."

बरं, आता कबूल करते. पायल किंचाळली नाही, हे मी घुसडलं. अशी किंचाळली, की कामशेत स्टेशनातली गाडी गार्डाची शिट्टी समजून सुटली!