नवव्या स्लाइडची ओळ

कंपनीत तिला सगळे स्लाइडताई म्हणत. सादरीकरण कोणाचंही असो, तिच्या हातून गेल्याशिवाय ते पडद्यावर यायचं नाही. एका स्लाइडवर एकच मुद्दा आणि तो शेवटच्या रांगेतून वाचता आला पाहिजे, यावर ती अडून बसायची.

या वेळी काम बोगद्याचं होतं. दुसऱ्या दिवशी संचालक येणार, स्लाइड बघणार आणि पुढच्या खोदाईला परवानगी देणार. जेवणाच्या सुट्टीत तिने रिकाम्या सभागृहात स्लाइड लावून पाहिल्या. नवव्या स्लाइडच्या तळाशी साहेबांनी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ टाकली होती.

"ताई, ती खालची ओळ मोठी करा."

ती दचकली. शेवटच्या रांगेत एक माणूस बसला होता. अंगात पिवळा कोट, मांडीवर हेल्मेट, बुटांना ओला चिखल.

"दिसत नाहीये का?"

"मला दिसतीये. त्यांना दिसायची नाही." मग त्याने एकेक शब्द सुटा करत ती वाचून दाखवली. "डाव्या. भिंतीतून. पाणी. झिरपत. आहे."

तिने खाली बघून अक्षर वाढवलं आणि मान वर केली. रांग रिकामी होती. सभागृहाचं एकुलतं एक दार तिच्या शेजारीच होतं. ते उघडलं नव्हतं.

संध्याकाळी साहेबांनी नववी स्लाइड पाहून चष्मा काढला.

"ही ओळ काढून टाका."

"पण साहेब, पाणी..."

"एका स्लाइडवर एकच मुद्दा. नियम तुमचाच ना?"

तिने ओळ पुसली.

परवानगी मिळाली. अकराव्या दिवशी डावी भिंत आत आली. सात माणसं गेली.

शोकसभेची स्लाइडही तिच्याकडेच आली. चौथा फोटो तिने मोठा करून पाहिला. तोच चेहरा.

सभा संपल्यावर ती त्याच्या बायकोशेजारी जाऊन बसली.

"संचालक यायच्या आदल्या दिवशी ते मला भेटले होते. दुपारी, सभागृहात."

"दुपारी ते आत होते, ताई. बोगद्यात. हजेरी आहे त्यांची."

"त्यांनी मला एक ओळ वाचून दाखवली."

बाईने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"दुसरं कोणी असेल," ती हळूच म्हणाली. "ह्यांना वाचता येत नव्हतं. हजेरीलासुद्धा अंगठाच लावायचे."