दुसऱ्या पोर्टवरचा ‘हव’

राज्य नवं, राजधानी नवी. धरणांचं पाणी मोजणारं आमचं ऑफिस मात्र रायपूरच्या बुढापाऱ्यात, भाड्याच्या घरात. मी तिथला बडा बाबू, म्हणजे हेडक्लार्क. नवेपणाची खूण म्हणून भिंतीवर एक पत्र्याची पेटी बसवली होती. तिला तारा जोडायचे चार सिरियल पोर्ट, प्रत्येकावर हिरवा दिवा, आणि पलीकडे एक नेटवर्क पोर्ट. धरणावरून येणारी तार पहिल्या पोर्टमध्ये. तिथून पाण्याची पातळी नेटवर्कवरून साहेबांच्या टेबलावर जायची. म्हणजे जायला हवी होती. उरलेले तीन पोर्ट रिकामे. सरकारी कामात रिकाम्या जागा लागतातच.

त्या ऑगस्टात पाऊस थांबत नव्हता. धरणावरचा वायरलेस सकाळपासून मुका. तिथल्या चौकीत चौकीदार धर्मपाल एकटा. पातळीचा आकडा आल्याशिवाय धरणाकडे जीप सोडायची नाही, असा साहेबांचा हुकूम. धर्मपालची बायको प्रेमला व्हरांड्यातल्या बाकावर, मांडीवर डबा घेऊन बसली होती.

“तुमी तं ओळखता त्यायले, बाबूजी,” ती म्हणाली. “होकार द्याले एक हव त्यायले पुरतच नाही. काहीबी विचारा, हव हव.”

“बाबारावाचं बरं होतं,” मी म्हणालो. “एकच हव. तोबी आपलं विचारून व्हायच्या आधी.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. बाबाराव धर्मपालच्या आधीचा चौकीदार. मागल्या पावसाळ्यात त्याच धरणात बुडाला.

आत विनीता, नागपूरहून आलेली इंजिनियर, पडद्यासमोर बसली होती. पहिल्या पोर्टवरून नुसती वेडीवाकडी चिन्हं येत होती.

“दोन्हीकडचा डेटा पाठवायचा वेग जुळत नाहीये, काका. मी बदलून बघते.”

खोलीत भर दुपारी अंधारलं होतं. ओल्या फायलींचा वास. बाहेर पागोळ्यांचा एकसुरी आवाज. तिनं वेग बदलला; पडदा कोरा झाला.

मग दुसरा दिवा लागला.

“काका... दुसऱ्यात तार आहे का?”

मी बोटानं चाचपलं. धूळ होती.

पडद्यावर रोमन अक्षरं उमटली. एच, ए, व्ही.

“हॅव?” ती म्हणाली. “पुढचं इंग्रजी कुठंय?”

“इंग्रजी नाही ते,” मी म्हणालो. “हव. इथं ‘हो’ला म्हणतात.”

मग तिनं हळूच टाइप केलं: पाणी वाढलं का?

‘का’ उमटायच्या आधीच उत्तर आलं. हव.

“विचार... बाबाराव का?” मी तिला म्हणालो.

हव.

पाऊस एकदम दूर गेल्यासारखा वाटला. खोलीत गाळाचा वास येत होता.

“आता विचार,” मी कुजबुजलो, “सोबत कोणी आहे?”

दुसरा दिवा नुसताच जळत राहिला. कशालाच कधी नाही न म्हटलेला माणूस... गप्प.

तिसरा दिवा लागला. तोही पोर्ट रिकामाच.

हव हव.

विनीताचे हात कळफलकावरून खाली आले. दाराशी बांगड्या वाजल्या. प्रेमला आत डोकावत होती, डबा छातीशी धरून. तिथून तिला पडदा दिसत नव्हता.

“बाबूजी... मशीन बोलली काय? बरे हायेत नं हे?”

तिच्या डोळ्यांकडे न बघता मी म्हणालो, “हव.”

विनीतानं माझी बाही घट्ट धरली. माझ्या ‘हव’सरशी पेटीवर चौथा दिवा लागला होता.