सिंहाच्या छापाची कुपी

तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसलेला तो मुलगा आपल्याकडेच बघतोय, हे कीर्तनाच्या पूर्वरंगातच नीरजाच्या लक्षात आलं. पेटीवर बसणाऱ्याची एक सोय असते. लोकांना वाटतं तिचं लक्ष सुरांत आहे, आणि तिला मात्र सगळे दिसत असतात.

नागरवाड्यातल्या राममंदिरात दर गुरुवारी पाच वाजता तिचे बाबा कीर्तनाला उभे राहत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले श्रीपतराव. पण एकदा कमरेला उपरणं आवळलं की सगळ्या बडोद्याचे श्रीपतबुवा. नीरजा आठवडाभर शाळेत गणित शिकवी आणि गुरुवारी बाबांच्या मागे पेटी धरी.

मध्यंतर झालं. नामाचा गजर उठला, कुणी बुवांना हार घातला, बुक्का लावला. बुवांनी नेहमीप्रमाणे कमरेची चांदीची चपटी कुपी काढली, ज्येष्ठमधाच्या पाण्याचे दोन घोट घेतले आणि ती पेटीवर ठेवली. त्या मुलाची मान कुपीबरोबर वळली.

प्रसादाच्या वेळी तो पुढे आला. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात कुणा म्हाताऱ्या बाईंची काठी.

"जरा... हातात घेऊन बघू?"

"काय?"

"ती कुपी."

नीरजाचे कान तापले. म्हणजे दीड तास हा त्या कुपीकडे बघत होता! तिनं ती जरा जोरातच त्याच्या हातात दिली.

त्यानं मात्र ती तान्ह्या मुलासारखी घेतली. "बघा, हिला आतून बाक आहे, कमरेला नीट बसावी म्हणून. झाकण बिजागरीचं. आणि हा सिंह!"

"देवीचं वाहन," नीरजा म्हणाली. "आमचे पणजोबा दप्तरखान्यात कारकून होते. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबानं त्यांना दिली. सिंह बघून त्यांनी ओळखलं की ही तीर्थाची कुपी. तेव्हापासून आमच्याकडे हिच्यात गंगाजल असतं. कीर्तनाच्या दिवशी तेवढं ज्येष्ठमध."

तो सिंहावरून अंगठा फिरवत राहिला.

"का हो?"

"काही नाही... म्हणजे, सिंह ही चांदी अस्सल असल्याची विलायती खूण. शेजारी हा जहाजाचा नांगर, तो बर्मिंगहॅमचा. आणि ही..." त्यानं रामाच्या मूर्तीकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवला. "ही हिप फ्लास्क आहे. साहेब लोक शिकारीला जाताना खिशात ठेवायचे. दारूची."

"हळू!" नीरजानं मागे बघितलं. बाबा कुणाला तरी बुक्का लावत होते. "आजीच्या तोंडात शेवटचं गंगाजल हिच्यातून घातलंय बाबांनी. तुम्हाला काय माहीत?"

"माझ्याकडे चाळीस आहेत."

"चाळीस! या दारूबंदीच्या गुजरातेत?"

"रिकाम्या हो! मी स्वतः ताकाच्या पुढे गेलेलो नाही."

तिला हसू आलं. पण लगेच तिनं कुपी त्याच्या हातातून काढून घेतली. हे बाबांच्या कानांवर गेलं तर? सोवळं-ओवळं ते कुणावर लादत नसत, पण ती कुपी म्हणजे त्यांची आई होती.

"बाबांना सांगू नका. कधीच."

"त्यांनी विचारलं नाही तर सांगणार नाही," तो म्हणाला. "विचारलं तर खोटं बोलता येणार नाही मला. मावशीनं लहानपणापासून कीर्तनाला बसवून बसवून तेवढं बिघडवून ठेवलंय."

मावशी म्हणजे ती काठीवाली बाई, निरुपमामावशी. आणि तो वरद. सुभानपुऱ्यात मावशीजवळ राहायचा आणि एका कारखान्यात पाइपांच्या जोडांवरची गळती शोधायचा.

पुढच्या गुरुवारी मावशीचे गुडघे दुखत होते, म्हणून ती आली नाही. वरद आला. त्याच्या पुढच्याही गुरुवारी मावशीचे गुडघे दुखतच होते.

"मावशींना डॉक्टरकडे न्या की," नीरजा म्हणाली.

"नेतो ना. गुरुवार सोडून."

माघ सरला. एका रविवारी ती त्याच्याबरोबर मांडवीत मयंकभाईंच्या जुन्या भांड्यांच्या दुकानात गेली. मयंकभाईंनी फडताळातून काचेची, चामडं मढवलेली एक फ्लास्क काढली आणि लगेच वर्तमानपत्रात गुंडाळली.

"मयंकभाई, रिकामी तर आहे," वरद म्हणाला.

"ते तुला नि मला खबर आहे, भाई. पोलीसला कोण समजावशे?" मग नीरजाकडे बघून, "बेन, तमे समजावो याला. या वयात लोक मुली बघतात, हा बाटल्या बघतो."

"दोन्ही बघतो," वरद म्हणाला, आणि स्वतःच इतका लाजला की सुटे पैसे परत घ्यायला विसरला.

बाहेर शेव-उसळीच्या गाडीवर तिखटानं दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. नीरजानं विचारलं, "का जमवता हो तुम्ही या?"

"नवीन आणली की मी तिच्यात पाणी भरतो आणि कागदावर उलटी ठेवतो. सकाळी ठेवली की संध्याकाळपर्यंत. शंभर वर्षांपूर्वी कुणी तरी हातानं बसवलेलं झाकण, आणि कागद कोरडा! दिवसभर गळती बघणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, सांगा." तो थांबला. "तुमच्या पेटीचा भाता... जरा गळतो. डाव्या बाजूला."

"माहितीये मला."

"पहिल्या गुरुवारी मी कुपीकडेच बघत होतो, हे खरं आहे. पण भात्याचं कळायला... दुसऱ्या गुरुवारपासून पेटीकडे बघावं लागलं ना."

नीरजानं उसळीत लिंबू पिळलं. त्यात आधीच पिळलेलं होतं.

चैत्र लागला तसं मावशीनं मनावर घेतलं. तिनं बुवांना आणि नीरजाला घरी पन्ह्याला बोलावलं. पन्हं हे निमित्त, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"कपाटावर एखादी चादर टाका," आदल्या दिवशी नीरजानं फोनवर सांगितलं. "एकच दिवस, वरद."

"एकच दिवस टाकीन. मग लग्नानंतर? बाबा आले की दर वेळी चादर?"

लग्न हा शब्द पहिल्यांदाच आला, आणि तोही असा भांडणात.

"तुम्ही म्हणाल तर टाकतो," तो शेवटी म्हणाला. "पण त्यांनी विचारलं तर..."

चादर होती, पण मावशीनं पाहुणे येणार म्हणून घर आवरताना ती काढून धुवायला टाकली होती.

बुवा पन्ह्याचा पेला घेऊन कपाटासमोर उभे राहिले. एकेचाळीस कुप्या, चपट्या, बाकदार, बिजागरीच्या झाकणांच्या. त्यांनी चष्मा सारखा केला.

"बऱ्याच लोकांकडे असायचं की गंगाजल!" ते कौतुकानं म्हणाले. मग एका कुपीवर कोरलेला बंदूकवाला शिकारी आणि त्याचा कुत्रा त्यांना दिसला. बराच वेळ त्यांनी तो पाहिला. "वरद, माझी कशाची होती रे?"

नीरजानं डोळे मिटले.

"दारूची, बुवा."

बुवांनी पेला खाली ठेवला. अर्धा भरलेला. "चल गं," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवघरातली कुपी कोनाड्यात गेली. गुरुवारी बुवा मध्यंतरात स्टीलच्या फुलपात्रातून पाणी प्यायले. उत्तररंगात त्यांचा आवाज दोनदा बसला. वरद आला नव्हता. नीरजानंच त्याला येऊ नका म्हणून कळवलं होतं.

रामनवमीला तीन दिवस राहिले असताना बुवांनी कुपी तिच्या हातात दिली. "त्या मुलाला दे. त्याच्या कपाटात शोभेल."

सुभानपुऱ्यात वरदनं दार उघडलं. तिनं कुपी पुढे केली. "घ्या. बेचाळिसावी. झालं ना मनासारखं? एक वाक्य खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"आज काही बिघडलं नसतं," तो म्हणाला. "पण पुढे कधी मी खरं बोललो असतो, तर तुम्ही विश्वास ठेवला असता?"

तिनं कुपी त्याच्या हातात कोंबली. त्यानं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि एकदम कामाच्या आवाजात विचारलं, "बाबांच्या उपरण्यावर डाग पडायचा का?"

"...उजव्या बाजूला. नेहमी."

"झाकणातलं बूच कुजलंय. मी ही घेणार नाही, नीरजा. कपाटातल्या आहेत त्या निवृत्त झालेल्या. हिची नोकरी अजून चालू आहे." तो पहिल्यांदाच तिला नुसतं नीरजा म्हणाला होता. "बूच नवं बसवतो. पुढचं बुवांनी ठरवावं."

रामनवमीला मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी दहालाच बुवा उभे राहिले. मध्यंतराचा गजर सुरू झाला, हार आला, बुक्का आला. आणि सवयीनं बुवांचा हात कमरेकडे गेला. तिथं काही नव्हतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून वरद उठला, माणसांतून वाट काढत आला आणि पेटीवर कुपी ठेवून म्हणाला, "कालचा पूर्ण दिवस उलटी ठेवली होती, बुवा. कागद कोरडा आहे. आत ज्येष्ठमधच."

बुवांनी कुपीकडे पाहिलं, मग लेकीकडे. नीरजाची बोटं पेटीवर थांबली होती आणि डोळे भरले होते. बुवांना जे समजायचं ते समजलं. त्यांनी हात वर करून गजर थांबवला.

"मंडळी, ही कुपी तुम्ही चाळीस वर्षं बघताय. परवा मला कळलं, ही साहेबाची दारूची बाटली. मी आठवडाभर रुसलो." सभेत खसखस पिकली. "कसलाही माणूस असो, नामानं उद्धरतो, असं मी तुम्हाला चाळीस वर्षं सांगतोय. आणि एक कुपी उद्धरली, तर माझाच विश्वास बसेना! साहेबाचे घोट चार वर्षांचे असतील, नाही तर दहा. आमच्या घरात हिच्यात शंभर वर्षं गंगा आहे. कोण जिंकलं?"

ते दोन घोट प्यायले. झाकण खटकन बसलं, आणि कुपी कमरेला गेली.

बरोबर बाराला पाळणा हलला, सुंठवडा वाटला. वरद बुवांसमोर वाकला. त्यांनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला.

"झांजा येतात?"

"नाही बुवा."

"ताल?"

"कारखान्यात पंप चालू झाला की... तेवढा कळतो."

"तेवढा पुरे. पुढच्या गुरुवारी झांजा घेऊन माझ्या मागे उभा राहा. घरच्या माणसानं खांबाला टेकून बसायचं नसतं."

नीरजा पेटी बंद करत होती. हात चुकून पट्टीवर पडला आणि भात्यात उरलेल्या हवेचा एक बारीक सूर निघाला.

"डावी बाजू," वरद हळूच म्हणाला. "उद्या येऊन बघू?"

"या की," ती म्हणाली. "पण भात्याकडेच बघायचं."

त्यानं मान हलवली. बघत मात्र तो तिच्याकडेच होता, आणि कुपी तर केव्हाच बुवांच्या उपरण्याआड गेली होती.